आगाऊ यंत्र

एचआयव्हीच्या अँटिबॉडी तपासणाऱ्या नव्या यंत्राची परीक्षा चालली होती, आणि ते एकाच ठिकाणी अडत होतं. धडधाकट माणसाच्या रक्तालाही ते मधूनच पॉझिटिव्ह म्हणायचं. गंमत अशी, की ती माणसं वर्षाच्या आत खरोखरच पॉझिटिव्ह निघत. मग लॅबचे प्रमुख खिस्ती सरांनी शेऱ्यातला ‘चुकीचा’ खोडून ‘आगाऊ’ लिहिलं.

तुलनेसाठी निगेटिव्ह रक्ताचा नमुना कमी पडला, की लॅबमधल्याच कुणीतरी हात पुढे करायचा, हा तिथला रिवाज. आज तो टेक्निशियन हेमलता सोनकुसरे यांनी केला होता. जुनी पद्धत म्हणाली, निगेटिव्ह. यंत्र म्हणालं, पॉझिटिव्ह.

“अहो बाई, घाबरताय काय? अजून झालंय कुठे!” सर म्हणाले.

“तेच विचारतेय, सर. होणार कुठून?”

“ते मात्र यंत्र सांगत नाही. आणा हात, पुन्हा बघू.”

सरांनी सुईचं नवंकोरं पाकीट त्यांच्यासमोर फोडलं. जन्मभर पेशंटना ‘काही होत नाही हो’ म्हणत आलेल्या बाईंनी हात पाठीमागे नेला.

तेवढ्यात खाली, न्यायला आलेल्या नवऱ्याच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. बाईंना सुईकडे बघवेना, आणि जिन्याकडेही.