वापरलेली पुस्तकं

"आज कुणीही हात धुवायचे नाहीत," मुख्याध्यापक म्हणाले, आणि तिसरीच्या वर्गाने प्रथमच त्यांच्याकडे आदराने पाहिलं.

मधली सुट्टी नुकतीच संपली होती. डब्याचं तेल बोटांना तसंच होतं. शाळेच्या ग्रंथालयात मुलं बाकांवर ओळीने बसली होती आणि समोर नव्या पुस्तकांची चळत होती. नवी म्हणजे आली तशीच्या तशी. आल्या दिवसापासून ती कपाटात कुलपाआड सुखाने नांदत होती आणि किल्ली ग्रंथपालबाईंच्या कमरेला होती. पुस्तक फाटलं तर जबाबदार कोण, असं मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं होतं. बाईंनी उत्तरादाखल कुलूप घातलं. दोघांचंही समाधान झालं.

पण परवा पलीकडच्या शाळेत तपासणीचे साहेब आले. त्यांनी ग्रंथालयातलं एक पुस्तक हातात घेतलं, उघडलं, आणि ते कडकन वाजलं. "हे आजवर कुणी उघडलेलंच नाही," साहेब एवढंच म्हणाले. आता त्या खोलीत मोडकी बाकं ठेवतात आणि तिथल्या ग्रंथपालबाई कार्यालयात पाकिटं चिकटवतात.

तेच साहेब आज इथे येणार होते. केव्हाही.

म्हणून हा उपक्रम. ओळीतल्या पहिल्याने पुस्तक उघडून मागे वाकवायचं, दुसऱ्याने पानांचे कोपरे दुमडायचे, तिसऱ्याने अंगठे उमटवायचे, शेवटच्याने फळीवर ठेवून यायचं.

"साहेबांनी विचारलं तर उपक्रमाचं नाव काय सांगायचं?" बाईंनी हळूच विचारलं.

"वाचनसंस्कार," मुख्याध्यापक म्हणाले. असली नावं त्यांना शोधावी लागत नसत.

मुलांनी काम मनावर घेतलं. कड, कड, कड. दर आवाजाला बाईंचा हात कमरेच्या किल्लीकडे जात होता. पण खोली गेली तर पुस्तकंही जाणार आणि आपणही जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्या खिडकीपाशी उभ्या राहून फाटकाकडे बघत होत्या.

आणि मधल्या बाकावर रांग तुंबली.

तिथे गोगलगाय बसली होती. डबाही सावकाश खाते, पळतेही सावकाश, म्हणून वर्गाने तिचं हे बारसं केलेलं. तिच्या डाव्या हाताला पुस्तकांचा ढीग साचला होता आणि उजवीकडचा मुलगा दोन्ही अंगठे वर करून रिकामा बसला होता. तिने मात्र हात फ्रॉकला खसखसून पुसले होते आणि ती एकाच पानावर वाकली होती.

"काय गं, पान का उलटत नाहीस?" मुख्याध्यापक तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"शेळी चढलीय सर."

"कुठे?"

"छपरावर. आणि वारा सुटलाय."

"शेळी गेली खड्ड्यात. तू कोपरा दुमड आणि पुढे दे."

"खड्ड्यात नाही सर, छपरावरच आहे." गोगलगाईने पानावर बोट ठेवून दाखवलं. चुकीची माहिती पसरू नये, एवढाच तिचा हेतू होता.

"कुणाची शेळी?" अंगठेवाल्याने मान लांब केली.

"म्हातारीची. तिला दिसत नाही नीट."

"मग तिला कसं कळलं?"

"तेच बघतेय ना. डोकं काढ, मध्ये येतंय."

मागच्या बाकावरची दोघं उठून आली. पुस्तकं वाजायची थांबली. खोलीत एकदम इतकं शांत झालं की बाईंनी दचकून वळून पाहिलं.

शिपायाने दारातून डोकं आत घातलं. "गाडी आली."

मुख्याध्यापक गर्रकन बाईंकडे वळले. "बाई, ते पुस्तक काढून घ्या तिच्याकडून. सगळ्यांना हाताची घडी घालून बसवा. मी दारात दिसलो की एका सुरात नमस्ते. खोली राहते की जाते, ते आता तुमच्या हातात आहे." आणि सदऱ्याच्या बाह्या खाली ओढत ते साहेबांना सामोरे गेले.

बाई झपाट्याने बाकापाशी आल्या. पुस्तकाला हात घातला. गोगलगाईने सोडलं नाही. हट्ट नव्हता त्यात, ती नुसती धरून राहिली.

"बाई," ती वर बघत म्हणाली, "ती पडते का?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

हे पुस्तक त्यांनी कितीदा फडक्याने पुसलं होतं. मुखपृष्ठावरची शेळी अंधारातसुद्धा ओळखली असती. पण ती आत जाऊन छपरावर चढते, हे त्यांना आत्ता कळत होतं.

भोवती जमलेली मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाईंना माहीत असणारच, याची सगळ्यांना खात्री होती.

व्हरांड्यात बुटांचा आवाज आला. पाठोपाठ मुख्याध्यापकांचं, वरिष्ठांसाठी राखून ठेवलेलं हसणं ऐकू आलं. बाईंनी दाराकडे पाहिलं, फळीवरच्या तेलकट, वाकलेल्या पुस्तकांकडे पाहिलं.

"सरक जरा," त्या म्हणाल्या आणि त्या एवढ्याशा बाकावर कशाबशा टेकल्या. "उलट पान."

साहेब दारात येऊन थांबले. मुख्याध्यापक खाकरले, मग आणखी मोठ्याने खाकरले. कुणी उठलं नाही. कुणी नमस्ते म्हटलं नाही. दाराकडे सगळ्यांच्या पाठीच होत्या, लहान लहान, आणि मधोमध एक मोठी.

"बाई," मुख्याध्यापक रडवेल्या आवाजात कुजबुजले, "साहेब आलेत."

बाईंनी मान वर न करता हात हलवून त्यांना गप्प केलं.

"थांबा सर, शिडी आखूड पडलीय."