उसनं घर

फ्रीज दारात अडकला होता.

"तिरका घ्या, तिरका!" शेजारच्या काकू मागून ढकलत होत्या. आई पुढून ओढत होती. मुलगी फ्रीज आणि भिंत यांच्यामध्ये, लाजेनं अर्धी झालेली.

"आई, शिष्यवृत्ती गरिबांसाठी आहे गं."

"गरीब म्हणजे भिकारी नव्हे. शिष्यवृत्तीवाल्या बाई घर बघायला येणारेत. कळू दे त्यांना, पोर चांगल्या घरची आहे."

"अगदी बरोबर," काकू म्हणाल्या. "सोफाही ने."

"अहो, सोफा कशाला?"

"ने गं! शेजारी काय फक्त आग विझवायला असतात?"

सोफा. पंखा. खुर्च्या, एकीत एक अडकवलेल्या.

शेवटी टेबल. ते काकूंची मुलगी घेऊन आली. दहावीत दोघी एकाच बाकावर.

"तुला अभ्यासाला लागेल ना?"

"मला? मी कुठं सायन्स घेतेय!" ती हसली आणि टेबल खिडकीशी सरकवून गेली.

दुपारी बाई आल्या. औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्या काम करत. शाळेतल्या एकाच मुलीची बारावीपर्यंतची फी त्यांची संस्था भरणार होती. शिवाय दर शनिवारी बाई तिला प्रयोगशाळेत नेणार होत्या. फीचं आईला पडलं होतं. मुलीच्या डोक्यात फक्त ते शनिवार.

बाई सोफ्यावर टेकल्या. पाण्याचा ग्लास एका दमात संपवला.

"गार पाणी! आज पहिल्यांदाच मिळालं."

"आमच्याकडे कशाला काही कमी नाही हो," आई म्हणाली.

मुलीनं जमिनीकडे पाहिलं.

"प्रयोग कुठं करतेस?"

गल्लीतल्या नळापाशी. जास्वंदीच्या पाकळ्या उकळायच्या, त्या रसात कधी लिंबू पिळायचं, कधी साबणाचं पाणी घालायचं. पोरं म्हणायची, चेटकीण आली.

"या टेबलावर," ती म्हणाली.

बाईंनी टेबलावरून बोट फिरवलं. एक डाग नव्हता. मग त्यांची नजर तिच्या जांभळ्या बोटांवर गेली. तिनं हात पाठीमागे घेतले.

बाई उठल्या. "छान घर आहे," इतकंच म्हणाल्या.

आई खूश. "बघितलंस? चांगली छाप पडली!"

मुलगी अनवाणीच धावली. गल्लीच्या तोंडाशी तिनं बाईंना गाठलं.

"बाई, मी खोटं बोलले. टेबल आमचं नाही. सोफा, फ्रीज, काहीच आमचं नाही. सगळं शेजारच्या काकूंचं आहे. हवं तर त्यांना विचारा."

बाई वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"खोटं बोलायचंच तर निदान त्यांचं नाव नको घेऊस, बाळ. त्यांच्या मुलीची मुलाखत घेऊनच तुमच्याकडे आले मी. जमिनीवर बसून. त्या घरात एक खुर्चीसुद्धा नाही."