बाहेरचा डबा

ड्रिलचा आवाज थांबला आणि आईच्या खोलीच्या भिंतीला आरपार भोक पडलं. त्यातून उन्हाची एक झळ आत आली. एसीवाल्यानं हाताच्या पंजानं भोक झाकलं आणि म्हणाला, "आता नळी घातली की झालं."

थोरली केरसुणी घेऊन दारात उभी होती. विटांचा लाल भुगा पलंगाखालपर्यंत गेला होता. आईला तेवढ्यापुरतं बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीवर बसवलं होतं, आणि धाकटी तिच्या कपाळावर ओला रुमाल फिरवत होती.

थोरलीचा एसीला विरोध होता, आणि तो घरात सगळ्यांना तोंडपाठ होता. शाळेत ती भूगोल शिकवायची. हवा का तापते ते मुलांना सांगायची आणि घरी येऊन तसं वागायचीही. तिनं गीझर काढून टाकला होता. इमारतीच्या गच्चीला स्वतः चुना फासला होता. दुपारी खिडक्यांवर ओल्या चादरी सोडायच्या, पंखा मंद ठेवायचा, आईला सावलीच्या बाजूला बसवायचं, असे आजवरचे उन्हाळे निभावले होते. हा निभावला नाही. गेल्या आठवड्यात थोरलीनं चादरी नुकत्याच भिजवल्या होत्या आणि "बघ, कशी गार झाली खोली" असं ती म्हणतच होती, तेवढ्यात आई उठायला गेली आणि पलंगाच्या कडेला कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं.

धाकटी नर्स होती. दवाखान्यात आई शुद्धीवर आल्यावर तिनं बहिणीला एवढंच सांगितलं, की दमट हवेत ओल्या चादरींनी खोली आणखी दमट झाली आणि घाम सुकेना. आवाज चढवला नाही. घरी परतताना वाटेतच एसी ठरवून आली.

मग दोघींची जुंपली. थोरलीचं म्हणणं, हे यंत्र थंडावा काही तयार करत नाही. आपल्या खोलीतली उष्णता उचलून दुसऱ्याच्या दारात टाकतं, आणि त्याला लागणारी वीज कोळसा जाळून येते. एकानं खोली गार केली की गल्ली तापते, गल्ली तापली की दुसऱ्याला राहवत नाही. धाकटीला यात खोट काढायची नव्हती. तिच्या वॉर्डात रोज म्हातारी माणसं येत होती, काहींना परत नेताना नातेवाईक शवागाराच्या दारानं जात होते.

"ताई, तुझं म्हणणं खरं आहे," ती म्हणाली. "पण त्यानं आईचा ताप उतरत नाही."

थोरलीनं आईला विचारलं, तुला काय वाटतं. आई म्हणाली, जे काय ठरवायचं ते लवकर ठरवा, मला इथे उकडतंय.

एसीचा बाहेरचा डबा मागच्या गॅलरीत बसणार होता. समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, पलीकडच्या इमारतीची खिडकी होती आणि खिडकीत एक बाई शिलाई मशीनवर वाकलेल्या होत्या. थोरलीनं एसीवाल्याला विचारलं, डबा रस्त्याच्या बाजूला नाही का लावता येणार? तो म्हणाला, नळी पुरणार नाही, आणि तिकडची भिंत पोकळ आहे.

"मग गरम हवा त्यांच्या तोंडावर?"

"बाई, ती कुठेतरी जाणारच," तो म्हणाला आणि वर बोट केलं. वरच्या प्रत्येक मजल्यावर असेच डबे लटकत होते.

त्याचं स्टूल डुगडुगत होतं, ते थोरलीनं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

यंत्र सुरू झालं. आईला पलंगावर आणून निजवलं. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. धाकटी तिथेच भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली. तिला रात्रपाळी होती. थोरलीच्या मानेवरचा घाम सुकला. तिला बरं वाटलं. तिचं खोलीत काहीच काम नव्हतं, तरी ती बसून राहिली.

मग दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला ती गॅलरीत गेली. डब्यातून वाफारा यावा तशी हवा येत होती. समोरच्या शिलाई मशीनचा आवाज थांबला होता. तिच्या देखत त्या खिडकीची एक काच ओढली गेली, मग दुसरी.

दारावरची बेल वाजली तेव्हा थोरलीला कळून चुकलं कोण असणार. तिनं दार उघडलं. गळ्यात मापाची टेप, चेहरा लालबुंद, पदरानं वारा घेत त्या बाई उभ्या होत्या.

"चुकलंच आमचं," थोरली म्हणाली. "तो डबा हलवता येतो का ते मी उद्याच..."

"आईंना झोप लागली का?" बाईंनी विचारलं.

"लागली."

"बरं झालं." त्यांनी मोबाइल पुढे धरला. "त्या माणसाचा नंबर द्या तेवढा. आता आम्हालाही खिडकी बंदच ठेवावी लागणार."

थोरलीनं नंबर सांगितला, एकेक आकडा सावकाश. बाईंनी तो पुन्हा म्हणून दाखवला.

"बरोबर," थोरली म्हणाली.