चढवलेला सूर

तिसऱ्यांदा तालीम थांबवावी लागली तशी ललितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवळाली कॅम्पातल्या मिलिटरी बँडमधून निवृत्त झालेले जमीलभाई बारा वर्षं त्याच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवत होते. एकदाही चुकले नव्हते, आणि आज सगळ्यांपेक्षा एक सूर वर!

"जमीलभाई, स्वरलिपीचा कागद बघून वाजवा की! यंदा मी हाताने खरडलेलं नाही, नव्या कॉम्प्युटरवर छापलंय. क्लॅरिनेटचा सूर लिहिल्यापेक्षा खाली निघतो, हे त्या सॉफ्टवेअरलासुद्धा कळतं. तुमचा कागद ते आपोआप एक सूर वर चढवून देतं. तरी तुम्ही चुकता म्हणजे कमाल झाली!"

जमीलभाईंनी चष्मा पुसून कागद पुन्हा पाहिला. "अच्छा, चढवलेलाच आहे होय? मी सवयीने आणखी चढवला."

"सवयीने? म्हणजे बारा वर्षं माझं लिहिलेलं तुम्ही मनातल्या मनात चढवून वाजवत होता?" ललित कडाडला. "मग मला सांगायला काय झालं होतं?"

"पहिल्याच तालमीला सांगितलं होतं, साहेब. तुम्ही म्हणालात, वाजवणाऱ्याने लिहिणाऱ्याला शिकवू नये."