आक्काताईंनी कापलेली दावी

कृष्णेचं पाणी वेशीत शिरलं तेव्हा गावकऱ्यांना घेऊन निघालेल्या शेवटच्या ट्रॅक्टरवरून म्हाताऱ्या आक्काताई खाली उतरल्या. "जनावरं गोठ्यात बांधलेलीच हायती. त्यांची दावी कोण सोडणार?"

रंगराव मान खाली घालून बसून राहिला. त्याचीही म्हैस मागे राहिली होती. कंबरेएवढ्या पाण्यातून विळा घेऊन एकटीच निघालेली म्हातारी बघता बघता दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर तो होडीतून परतला. माळावर निम्म्या गावाची जनावरं चरत होती, गळ्यात कापलेली दावी लोंबत होती. रंगरावाची म्हैसही त्यात होती. शेजारीच चिखलानं माखलेल्या आक्काताई बसल्या होत्या.

"आक्का, तुमची म्हस दिसंना?"

"माझा गोठा नदीकडंला. तिकडं आधी गेले असते तर ह्यास्नी सोडायला येळ मिळाला नसता." त्यांनी पदरानं डोळे पुसले.

रंगरावानं वाकून त्यांचे पाय धरले. त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

"पाया काय पडतोस? कालपास्नं तुझ्या म्हशीची कास तट्ट फुगलीया. आधी बसून धार काढ."