काळ्या टोपीचा खंड्या

दातांचे डॉक्टर जन्मभर दुसऱ्यांना "हलू नका" सांगत आले. आज खाडीकाठच्या चिखलात, खारफुटीला खेटून, ते स्वतःच खुंटासारखे उभे होते. काळ्या टोपीचा खंड्या हा पक्षी त्यांना कित्येक वर्षं हुलकावणी देत होता आणि बायकोनं निघतानाच सौदा पक्का केला होता: आज दिसला नाही, तर पुढचे सगळे रविवार तिचे.

"झालं ना समाधान? चला आता," गॉगल पुसत ती म्हणाली. तो डोळ्यांवर चढवून तिनं वर पाहिलं आणि एकदम कुजबुजली, "अहो, हलू नका."

"का गं?"

"तो तुमच्या टोपीवर बसलाय."

मान वळवावी तर पक्षी जाणार, न वळवावी तर रविवार. डॉक्टर रडवेले झाले. बायकोला हसू आवरेना. जिंकलेला सौदा हातचा सोडून ती चिखलात एकेक पाऊल रुतवत थेट त्यांच्या नाकासमोर येऊन उभी राहिली.

"बघा. माझ्या गॉगलमध्ये."

काचेत निळे पंख होते, लालभडक चोच होती, आणि खाली आ वासलेले दातांचे डॉक्टर.

पंख फडफडले. "उडाला," ती म्हणाली. "घ्या, रविवार तुमचे." तिनं गॉगल काढला. डॉक्टर बघतच राहिले.

"अहो, उडाला तो."

"ठाऊक आहे. तू हलू नकोस."