मदत करू नका

चर्चच्या हौदातलं पाणी कमरेच्या वर होतं, गार होतं, आणि तरी हमालाला घाम फुटला होता.

पाळक त्याच्या खांद्यालाही लागत नव्हते. काडीसारखे हात, वाऱ्याने उडेल असा देह. एक हात त्यांनी त्याच्या मानेमागे दिला होता. दुसऱ्या हाताने त्याचे छातीवर जोडलेले हात धरले होते. आता त्याने फक्त मागे पडायचं होतं. बाकीचं सगळं ते करणार होते.

पहिल्या खेपेला त्याला म्हाताऱ्याची दया आली. त्याने मुकाट गुडघे वाकवले, आपली आपणच बुडी मारली आणि शिंकत वर आला. बाकांवर खसखस पिकली. काठावर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या बायकोने कपाळावर हात मारला. पाळकांनी हसू दाबत सांगितलं, की याला आंघोळ म्हणतात. बाप्तिस्मा आपला आपण घ्यायचा नसतो, तो दुसऱ्याच्या हातून घ्यायचा.

दुसऱ्या खेपेला पाठच वळेना. तुळईसारखी ताठ झाली. आयुष्यभर जिन्यांनी तिला एकच शिकवलं होतं : भार पुढे ठेव. पाठीवर कपाट असताना भार मागे गेला, की कपाट गेलं आणि माणूसही गेला.

"तुम्ही मला मदत करू नका," पाळक हळूच म्हणाले.

त्याने मान हलवली. पाय मात्र तळाच्या फरशीला आणखी घट्ट रोवले गेले.

मध्यंतरी एका जिन्यावर त्याच्या छातीत कळ आली होती. पायरीवर बसल्या बसल्या त्याला सगळा जिना अंधारा दिसला, आणि त्या दिवसापासून भीती त्याच्या घरात राहायला आली. ताटावर बसलं की समोर, अंथरुणाला टेकलं की उशाला. शेवटी तो आपल्या पायांनी पाळकांकडे गेला. लिफ्ट बंद असली की अंथरुणाला खिळलेल्यांना आपण खुर्चीत घालून खाली आणतो, परत वर नेऊन ठेवतो, कुणाचा घोटभर चहासुद्धा घेत नाही, हे त्याने सांगितलं. एवढ्यावर तारण होईल ना, देव पदरात घेईल ना, असं विचारलं. पाळक म्हणाले, ही कामं सोन्यासारखी आहेत, सोडू नका. पण त्यांच्यावर पाय देऊन वर चढता येत नाही. वर कुणीतरी उचलूनच घ्यावं लागतं. तेव्हापासून तर त्याची झोपच उडाली होती. उचलणारा तो. त्याला कोण उचलणार?

"अहो, पडा की आता," बायको काठावरून कुजबुजली. "घरी खाटेवर पडता तसे पडा. खाट मोडायची राहिलीय तेवढी. पाळकसाहेब गारठले तिकडे."

या वेळी कुणी हसलं नाही. त्याचे ओठ थरथरत होते.

"पाळकसाहेब," तो त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाला, "रिकाम्या हातांनी मी कुणाच्या दारात गेलो नाही हो कधी."

"म्हणूनच धरलेत मी ते."

पाळकांनी पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं. हमालाने डोळे मिटले, आणि गुडघ्यांतला, पाठीतला, मानेतला जोर एकेक करून सोडून दिला. छत दूर गेलं. बाकं दूर गेली. कानांत पाणी भरलं आणि बायकोचा श्वाससुद्धा ऐकू येईनासा झाला. नुसतं खाली, खाली. पाठीशी काही नाही, पायाशी काही नाही. आता संपलं, त्याला वाटलं.

तेवढ्यात शेजारचा काडीसारखा देह डगमगला. म्हाताऱ्याचा पाय शेवाळ्यावरून सटकला होता. पाणी ढवळलं, आणि पाळक त्याच्या अंगावरून पलीकडे कोसळले.

विचार करायला वेळच नव्हता. पायांनी तळ शोधला, हातांनी म्हातारा शोधला. हमाल उभा राहिला तेव्हा अंगावरून पाणी निथळत होतं आणि पाळक लेकरासारखे त्याच्या दोन्ही हातांवर आडवे होते.

बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. बायको टॉवेल द्यायचं विसरली. हमालाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मीच उचललं," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "साहेब, परत मीच उचललं. आता माझं कसं होणार?"

पाळकांना ठसका लागला होता. पण त्याच्या मानेमागे त्यांची पाच बोटं रुतलेली होती. तो पाण्याखाली गेला तेव्हाही ती तिथेच होती, ते स्वतः कोसळले तेव्हाही, आणि अजूनही त्यांनी ती सैल केली नव्हती.